अध्यक्षांच्या झब्ब्यावरचा आघाडा

केडगावात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटचा मागचा कोपरा म्हणजे माझं अशील. दुर्वा, आघाडा, माका, टाकळा ही मंडळी तिथे कोणाची परवानगी न घेता राहत. शहरातल्या अशा पडीक तुकड्यांसाठी मी आयुष्यभर इतका भांडलोय, की मला पाहिलं की माणसं हातातला विळा पाठीमागे लपवतात. मला ते फार आवडतं.

एकदा गणपती दोन दिवसांवर आले असताना आमच्या मंडळाचे तरुण अध्यक्ष तणनाशकाचा पंप पाठीला लावून कोपऱ्यात हजर झाले.

"काका, सरका. मंडपामागं जंगल बरं दिसत नाही."

"आणि बाप्पाला दुर्वा?"

"बाजारातून आणू."

"वा! दारातल्या मारायच्या आणि सुकलेल्या विकत आणायच्या!"

"साप निघतात ओ इथं."

"इथे निघालेला पहिला विषारी प्राणी पंप घेऊन उभा आहे."

तो खळखळून हसला आणि हसत हसतच पंपाचा दांडा हलवू लागला. विनोदाने माणसं हसतात, थांबत नाहीत. मग मी समोरच्या गच्चीकडे तोंड करून, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "मावशी! आघाड्याचं शेवटचं दर्शन घ्या!"

त्याची आई कठड्याशी आली. "आरं, गौरीला तिथलाच आघाडा नेते मी. औषध मारलेला वाहू व्हय?"

पंप खाली उतरला. मी मनातल्या मनात टाळ्या घेतल्या.

चतुर्थीच्या सकाळी जाऊन पाहतो तो काय! बिनऔषधाच्या दुर्वांची बातमी घरोघर पोचलेली. कात्र्या, पिशव्या, सुना, सासरे... दुपारपर्यंत कोपऱ्याची पार हजामत. नव्या झब्ब्यातले अध्यक्ष आघाडीवर.

"काका, माझ्या पंपानं एवढं साफ झालं नसतं," तो म्हणाला.

संध्याकाळी तो आपल्या फाटकाशी उभा राहून झब्ब्याला चिकटलेल्या आघाड्याच्या टोकदार बिया एकेक उपटून भिंतीकडेला टाकत होता.

"नीट काढ हं," मी गंभीरपणे म्हणालो. "एकही ठेवू नकोस."

दुर्वा आठवड्याभरात पुन्हा फुटल्या. माझा जीव भांड्यात पडला, पण फार दिवस नाही. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर पेव्हिंग ब्लॉक बसले. मी अर्ज केले, आरडाओरडा केला आणि हरलो. तिथून जाताना अजूनही मी ब्लॉकच्या फटींत डोकावतो. हिरवं काही दिसत नाही.

यंदा मात्र अध्यक्षांच्या फाटकाशी, भिंतीच्या कडेने, आघाडा कमरेएवढा वाढलाय. परवा तो विळा घेऊन वाकला, तर वरून, गच्चीतून, आईचा आवाज आला, "हात तर लावून बघ!"

तो मुकाट्याने उठला. रस्त्यापलीकडे मी उभा होतोच. विळा पाठीमागे नेत त्याने विचारलं, "काका, ह्याला पाणी-बिणी लागतं का?"

"नाही रे," मी म्हणालो. "नुसतं राहू द्यायचं."