दाजींच्या खाटेखालची फळं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांनी पाठवलेलं खरबूज साताऱ्याला माझ्या टेबलावर होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहायला सांगलीजवळ माधवनगरला. आदल्याच दिवशी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती खरबूज देऊन त्यांनी मला फोनवर बजावलं होतं, "मास्तरीणबाई, हावऱ्यागत करू नगंस. आज कापलंस तर काकडी लागंल. परवा दुपारी काप." फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माणूस गेला. झोपेतच. त्यांनी सांगितलेल्या त्या दुपारी मी माधवनगरला अक्काशेजारी बसले होते आणि डोक्यात एकच खुळं चित्र घुमत होतं... कुलूपबंद घरात ते खरबूज आता बरोबर पिकलं असेल, सगळ्या घरभर वास भरला असेल, आणि तो घ्यायला तिथं कुणीच नाही.

हे दाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते अक्काला बघायला. पलटणीतून सुट्टीवर आलेला, उन्हानं रापलेला गडी. लोक पेढे आणतात, यांनी काखोटीला कलिंगड मारून आणलं. "मुलगी बघायला आलाय का बाजारला?" आमची आत्या पदराआडून पुटपुटली. पोहे आले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जरा. आधी ह्याला हौदात सोडा, लांबनं उन्हातनं आलंय बिचारं." झालं! कलिंगड गार होईपर्यंत सगळी बैठक ताटकळली. शिक्षण किती, शेती किती, हे प्रश्न संपले, मग हौदात तरंगणाऱ्या त्या हिरव्या गोळ्याकडे बघत सगळे नुसतेच बसले. तेवढ्यात अक्काला हसू फुटलं. मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलगी खिदळली! आई कपाळाला हात लावून बसली आणि दाजी तिथंच पागल झाले असावेत, कारण कलिंगडाचा मधला लालभडक गाभा त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या ताटलीत ठेवला.

त्यांचं गाव आटपाडीकडचं, दुष्काळी. पावसावर बाजरी आली की तिच्याच पोटात वाळकं, शेंदाडं, चिबडं, अशी काकडी-खरबुजाच्या जातीची पावसाळी फळं. लहानपणी त्यांनी गोड म्हणून खाल्लं ते एवढंच. पुढं पलटणीनं त्यांना कुठंकुठं नेलं, पण देश त्यांच्या ध्यानात राहिला तो फळांवरून. राजस्थान म्हटलं की वाळूतली कलिंगडं, उत्तरेकडचं एखादं शहर म्हटलं की तिथलं पिवळंधमक खरबूज. कारगिलचं विचारलं तर म्हणायचे, "थंडी लय. कलिंगड न्हाई."

निवडायची त्यांची रीत वेगळीच. कलिंगडाला टिचक्या मारणाऱ्या माणसाची त्यांना मनस्वी चीड. "दार वाजवतोस व्हय रं? आत कोण बसलंय?" ते कलिंगड उलथं करायचे आणि जमिनीवर टेकून पडलेला पिवळा डाग बघायचे. डाग लोण्यागत पिवळा पाहिजे, पांढरा असला की कच्चं. खरबूज मात्र नाकानं. तेही देठ ओढून तोडलेलं नको, वेलीनं आपण होऊन सोडलेलं हवं. चिबडाचा प्रश्नच नव्हता. ते पिकलं की स्वतःच उकलतं, त्यात गूळ घालायचा आणि गप खायचं. अलीकडे पिवळ्या गराचं कलिंगड बाजारात आलं, तेव्हा दाजींनी फाक उन्हात धरून कितीतरी वेळ बघितली आणि म्हणाले, "ह्याच्या आईनं अननसाशी सोयरीक केली का काय!" खाल्लं मात्र सालीपर्यंत.

आणलेली सगळी फळं मधल्या खोलीत खाटेखाली ठेवलेली असायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पोरांना घेऊन जायची तेव्हा आम्ही सगळे त्याच खोलीत दुपारी आडवे व्हायचो. लांबून यंत्रमागांचा खडखडाट यायचा, पडद्याआडून पिवळसर उजेड, आणि जमिनीलगत खरबुजाचा तो जड, गोड वास... झोप लागली की जागीच आहे, काही कळायचं नाही. पोरं लहान की मोठी, मी सून की माहेरवाशीण, सगळं त्या वासात विरघळून जायचं. मध्येच दाजी अनवाणी पायांनी येत, वाकत, एकेक फळ हुंगत आणि स्वतःशीच म्हणत, "अजून न्हाई." ते "अजून न्हाई" ऐकत मी इतकी शांत झोपलेय, तशी दुसरीकडे कुठंही नाही.

आता जे सांगायचंय त्याआधी आमच्या आईचं सांगायला हवं. वडील गेले तेव्हा तिनं आंबा सोडला, त्यांना आवडायचा म्हणून. आमच्याकडे रीतच ती. त्यानंतर आमच्या घरात आंबा कधी सुखानं खाल्ला गेला नाही. आई आम्हाला फोडी करून द्यायची आणि स्वतः उठून परसात जायची. आम्हाला घास गिळवायचा नाही. दाजी एवढे गरीब स्वभावाचे, पण एकदा चिडून आमच्यासमोर अक्काला बोलले होते, "गेलेल्याला काय पोचतंय गं ह्यातनं? जित्या माणसाच्या तोंडाला कशाला कुलूप?"

आणि दाजींच्या सुतकात शेजारणीनं "काय सोडणार?" असं विचारलं तर अक्का शांतपणे म्हणाली, "कलिंगड, खरबूज, चिबूड. समदंच." माझं डोकंच फिरलं. चाळीस माणसांच्या देखत मी भांडले. "आईचा आंबा विसरलीस का गं? तुझ्या नातवंडांनी पण असंच तोंड चोरून खायचं?" ती म्हणाली, "तू गप. तुला न्हाई कळायचं. त्यांच्याबिगर ते घशाखाली उतरंल का माझ्या?" मी रडत बाहेर पायरीवर जाऊन बसले.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे ढिगानं, पण एक खाली उतरेल तर शपथ. पिंडाजवळ कलिंगडाची फाक ठेवली. नाही. कुणी पळत जाऊन खरबूज आणलं. नाही. अक्काच्या चुलतसासू म्हणाल्या, "चिबडावर वासना असंल." आता ऐन चैत्रात चिबूड कुठून आणायचं? दाजींचे भाऊ हात जोडून म्हणाले, "दादा, वहिनीला अंतर देणार न्हाई." अक्काच्या मुलानं आईला सांभाळायचं वचन दिलं. ऊन चढत चाललं. मला मात्र आतून खात्री होती, दाजी कशावर अडून बसलेत ते. मी अक्काकडे बघितलं. बोलायचं तिचं तिनंच होतं.

बऱ्याच वेळानं ती बायकांतून उठली. पिशवीतलं उरलेलं अर्धं कलिंगड काढलं, पायरीवर उकिडवी बसली आणि सोबत आणलेल्या विळीवर फाक कापून पिंडाकडे बघत म्हणाली, "आवं, ऐकताय न्हवं? न्हाई सोडत मी कायबी. हे बघा, खाते." मागून कुणीतरी "अगं, घाटावर..." म्हणून ओरडलं. तिनं ऐकलं नाही. ती खात राहिली, बिया तळहातावर काढत, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कोपरापर्यंत लाल रस. "शिवला! शिवला!" असा एकदम गलका झाला, सगळे वळले, मी पण वळले. अक्कानं मान वर केली नाही. तिनं माझ्यापुढं हात केला आणि म्हणाली, "आणखी एक फाक दे गं."