मधल्या खोलीतला उजेड

आमच्या वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. गल्लीत त्यांना रफूताई म्हणतात. फाटका कोट त्यांच्याकडे द्या, परत मिळाल्यावर तो कुठे फाटला होता हे तुम्हीच शोधत बसाल. आणि हे काम त्या करतात कुठे, तर आमच्या मधल्या खोलीत. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये हे भुयार. खिडकी नाही. भर दुपारी बटण दाबल्याशिवाय स्वतःचा हात दिसत नाही. नवरा गेल्यावर वन्सं आमच्याकडे आल्या आणि तिथे बसल्या त्या बसल्याच.

मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने कोट परत आणला. दाराबाहेर उन्हात धरून म्हणाला, "बाई, ही काळी रेघ कसली?" कोट गडद निळा आणि रफू काळ्या धाग्याचं. मधल्या खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही सारखेच दिसले होते. वन्संचा चेहरा असा उतरला की मला बघवेना.

जेवताना त्या ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, मला उजेड हवाय रे. बैठकीतल्या खिडकीपाशी एक खुर्ची टाकू दे. दिवसापुरती."

"आणि आल्यागेल्याने काय चिंध्यांत बसायचं? ताई, तुला उजेडच हवाय ना? मग बल्ब बदलू की!"

आल्यागेल्याने म्हणे! आमच्याकडे येतो दूधवाला, आणि तोही दारातूनच परत जातो. मी हे तिथल्या तिथे ऐकवलं. पण ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की संपलंच.

आधी ट्यूब आली. पांढरीफटक. त्या उजेडात धागे तर सोडाच, वन्संच आजारी दिसायला लागल्या. मग ह्यांनी पिवळसर एलईडी आणला, म्हणे डोळ्यांना मऊ. त्यात तपकिरी लाल दिसायचा. दर वेळी वन्सं म्हणायच्या, "नाही रे, रंग कळत नाही," आणि मला वाटायचं, चला, आता तरी खुर्ची बाहेर येईल. मी सोफा सरकवून खिडकीपाशी जागासुद्धा केली. ह्यांनी तो परत होता तिथे लावला.

शेवटी हे बल्बच्या दुकानदारालाच घरी घेऊन आले.

"वॅटचं राहू द्या, साहेब," तो म्हणाला. "वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते. तुम्हाला रंग खरे दिसायला हवेत. कापडवाले लावतात तो घ्या, डे लाईट."

"म्हणजे?" वन्संनी विचारलं.

"दिवसाचा उजेड, ताई!"

ह्यांनी टाळीच वाजवली. "बघ! खिडकी कशाला, दिवसच घरात आणला!"

"मोठाच उजेड पाडलात," मी म्हटलं. ते ऐकणार थोडेच.

बल्ब लागला. ह्यांनी तोच निळा कोट पुढे ठेवला आणि धाग्यांची दोन रिळं, एक काळं, एक निळं. "ताई, आता शेवटचं. ह्यातही रंग कळला नाही, तर बस तू खिडकीपाशी. मी एक शब्द बोलणार नाही."

वन्संनी मुद्दाम चुकायचं, बस्स! एवढंच तर करायचं होतं. मी ह्यांच्या पाठीमागून डोळे मोठे करून खुणा केल्या. वन्संनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, नक्की कळलं. त्यांनी काळं रीळ उचललं, कोटाला लावलं, आणि तसंच धरून ठेवलं. मग खाली ठेवलं. दुसरं उचललं.

ह्यांनी कोट आणि रीळ दोन्ही दारात नेऊन पाहिलं. तंतोतंत निळं. "झालं की काम!" हे केवढ्या आनंदाने म्हणाले. खरंच आनंद झाला होता हो त्यांना, त्याचाच मला जास्त संताप आला. "आता काही अडचण नाही ना, ताई?"

"नाही रे," वन्सं म्हणाल्या.

संध्याकाळी हे बैठकीत दिवा लावून पेपर वाचत बसले, तेव्हा मी तणतणत मधल्या खोलीत गेले. "अहो वन्सं, काळं हातात होतं ना तुमच्या! मग?"

"होतं हो, वहिनी. पण निळ्यावर काळा असा खुपायला लागला... इतका स्वच्छ दिसत होता. हात ऐकेना माझा." त्यांचे डोळे भरून आले. ते पुसून त्यांनी सुई घेतली. दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला.

मी निघाले, तर त्यांनी हाक मारली.

"वहिनी, तेवढं दार ओढून घ्या. बैठकीतला पिवळा उजेड आत येतोय. रंग बिघडतो."

मी दार ओढून घेतलं.