मोहनने मोडलेला स्पार्क प्लग

मोहनने मला फसवलं, आणि त्यात माझी बायको सुनीता सामील होती. महिन्यापूर्वी तो गेला. सुनीता फोन ठेवून रडत म्हणाली, "सुटले हो बिचारे." सुटले? कशातून? तो वर्षभर आजारी होता, हे मला त्या सकाळी कळलं.

मी जन्मभर इथे अमेरिकेत मोटेलं विकत घेतली, विकली. समोरचा काय लपवतोय हे त्याच्या बसण्यावरून ओळखतो, असा माझा तोरा. शेजारी उभा असलेला मित्र काय लपवत होता, ते मात्र ओळखता आलं नाही.

मोहन दातांचा डॉक्टर, मूळचा नागपूरचा. रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी विस्कॉन्सिनच्या एका शेतकऱ्याकडून जुनी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, घेतली. मी घासाघीस करत होतो तेव्हा मोहन लाजून लांब जाऊन उभा राहिला होता. या हिवाळ्यात, नेपरव्हिलला आमच्या गॅरेजमध्ये, ती सुरूच होईना, म्हणून प्लग काढायला घेतला. पाना मोहनच्या हातात होता. तो वाकडा बसला, मोहनने जोर लावला आणि प्लग कट्कन तुटला. वरचा भाग खाली पडला, आट्यांचा इंजिनातच अडकला.

मी भडकलो. "इतकी वर्षं लोकांचे दात उपटलेस ना रे? एक प्लग धड काढता येत नाही?"

"दाताला भूल देता येते," तो म्हणाला. "याला तेल दे आणि उद्यापर्यंत गप्प बस. जमेल तुला?"

दुसऱ्या दिवशी आला. प्लगच्या चिनी मातीचा एकही कपचा इंजिनात पडू नये म्हणून आधी मला व्हॅक्यूम लावायला सांगितला. मग तुटक्या प्लगमध्ये रुतवायचा, उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर माझ्याकडे सरकवला. "तू फिरव. थोडं सोडव, थोडं मागे घे. मूळ मोडलं तर मेलास."

"वा! काम माझ्यावर आणि साहेब सुपरवायझर!"

तो हसला. हात कोटाच्या खिशात. तुकडा अखेर बाहेर आला, तो मी त्याच्या नाकासमोर नाचवला. "बघ. याला हात म्हणतात."

त्यानंतर तो आला नाही. फोनवर म्हणायचा, सर्दी आहे यार...

तेराव्याला मोहनच्या बायकोने, विद्यावहिनींनी सांगितलं. किमोमुळे त्याची बोटं बधिर झाली होती. शर्टाची बटणंसुद्धा त्या लावून द्यायच्या. "मग मला का नाही सांगितलं?" मी तिथेही ओरडलोच.

"भाऊजी, सगळे त्यांच्याशी हळू बोलायला लागले होते. ते म्हणायचे, एक तरी शिव्या देणारा राहू दे."

हॉलमध्ये आमचा सगळा ग्रुप बसला होता. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी मान वर करेना, आणि मलाही कुठे बघावं ते कळेना.

मोहनची सोय झाली. त्याला हवा होता तो मूर्ख मिळाला. पण मरणाऱ्या मित्राशी काय बोलायचं, हे ठरवणं माझ्या हातात असायला हवं होतं. ते तुम्ही सगळ्यांनी मिळून काढून घेतलंत. त्याला आता विचारता येत नाही. सुनीता, तू रोज समोर असतेस. गॅरेजमधला माझा आवाज तुला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तेव्हा तू दार उघडून बाहेर का आली नाहीस? सांग.