उसात गाणं थांबतं तेव्हा

बारामतीत टायरच्या दुकानावरच्या माडीत मेघनाचा स्टुडिओ होता. भिंतींना आतून जुन्या गाद्या ठोकलेल्या. खाली दुकानदार महिपतीनं हातोडा उचलला की वर गाणाऱ्यानं तोंड मिटायचं, एवढाच काय तो त्रास. एप्रिलात भीमगीतं, दिवाळीनंतर हळदीची गाणी, निवडणुकीत ज्याची त्याची. पोटापुरतं भागत होतं, पण जीव अडकला होता पिक्चरच्या आवाजात.

ते वेड लहानपणीचं. वडील, श्रीपती, वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते आणि कॉलनीच्या मैदानावर गणपतीत पडद्यावर मारामारीचे पिक्चर लागायचे. भीती वाटली की पोरं डोळे झाकायची. मेघनानंही झाकले, तर भीती दुप्पट झाली. मग तिनं डोळे उघडून कान झाकले. आणि काय गंमत! हिरो आणि गुंड शाळेतल्या कवायतीसारखे हात हलवत होते. ती खो खो हसत सुटली. श्रीपतीनं विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "आबा, भ्या कानातनं येतंय."

चाळिशी उलटल्यावर आता कुठं तशी संधी दारात आली होती. कोऱ्हाळ्याचा राजवर्धन, बागायतदाराचा पोरगा, फिल्मचं शिकून आलेला, वेब सिरीज करत होता. सहा भाग. पहिल्या भागातल्या एका प्रसंगाचा आवाज त्यानं मेघनाकडं दिला. उसात लपलेला पोरगा, त्याला शोधायला ट्रॅक्टरवरून आलेले तिघं आणि मग झटापट. जमलं तर सहाही भाग तिचे. नाही जमलं, तर शुक्रवारी सगळं पुण्याच्या स्टुडिओला.

मेघनानं होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं. ढोल, तुतारी, वारा, पोराचा श्वास, छातीची धडधड. हाड मोडायच्या आवाजाला तिनं उसाची कांडी मोडली, गुद्द्याला ओल्या पोत्यावर बुक्क्या घातल्या.

राजवर्धननं ऐकलं आणि डोकं खाजवलं.

"मेघनाताई, राग मानू नका. वरात निघाल्यासारखी वाटतीय. ते पोरगं लपलंय का नवरदेव हाय?"

मेघनालाही हसू आलं. खरंच होतं ते.

"हलगी टाका," तो म्हणाला. "कडकडीत. अंगावर काटा आला पायजे. तुमच्याकडं कुणीतरी असंलच की वाजवणारं."

हसू तिथंच विरलं. "आमच्याकडं कुणी वाजवत न्हाय," ती म्हणाली.

तो वाईट हेतूनं बोलला नव्हता, हे तिलाही कळत होतं. पण हेडफोन गुंडाळताना तिच्या बोटांना वायरची गाठ सुटेना. हलगी आणायची तर अर्ध्या तासात आली असती. आजोबांनी कायमची खाली ठेवलेली वस्तू आपल्या हातानं वर उचलायची, तीही कुणीतरी गृहीत धरलं म्हणून, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. आणि काम गेलं असतं तर तेही उतरणार नव्हतं.

रविवारी ती बावड्याला गेली. रिटायर झाल्यावर श्रीपतीनं तिथं चार खोल्या बांधल्या होत्या. कारखान्यातल्या घणांनी कान निम्मे नेले होते. कानाचं मशीन लावून म्हातारा ओट्यावर शेंगा फोडत बसला होता.

"आबा, आजोबा हलगी वाजवायचे तवा तुमाला भ्या वाटायचं का?"

"वाजवताना? छ्या!" त्यानं शेंग फोडली. "गावकीचं वाजवायला जावंच लागायचं त्याला. लगीन असू दे न्हायतर मयत. मी आन आई घरात. लांबनं हलगी ऐकू यायची तवर आई भाकरी थापायची. थांबली, की हिचा हात थांबला."

"का?"

"वाजतीया म्हंजी बाप कामात हाय. थांबल्यावर काय कळावं? घरला निघालाय, का कुणी धरलाय? एकदा उलटं बोलला म्हणून गावानं लई मारला व्हता. तवापासनं ती थांबली की आई दारात. भाकरी करपायची चुलीवर." शेंगदाणा तोंडात टाकून तो पुढं म्हणाला, "मग दीक्षा घेतली आन बापानं हलगी ठिवली ती ठिवली. आई म्हणली, लई बेस झालं, आता भाकरी तरी करपायच्या न्हाईत."

तो हसला. मेघना हसली नाही. शेंगांची टरफलं हातात तशीच धरून ती बघत राहिली.

"आबा, म्हंजी वाजतंय तवर भ्या न्हाय."

"वाजतंय त्याचं कसलं भ्या? ते कुठं हाय ते कळतंय की."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माईक घेऊन कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात उभी. हंगाम जोरात होता. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जात होते आणि प्रत्येकाच्या डेकवर गाणं असं, की बांधावरची शेळीसुद्धा मान हलवील. तिनं एक ट्रॅक्टर थांबवला. ड्रायव्हर रामहरी, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात टॉवेल.

"रामहरीभाऊ, ह्या पेनड्राइव्हमधलं हळदीचं गाणं लावा. माझ्याच स्टुडिओतलं हाय. तिकडच्या वळणावरनं हळूहळू हितवर या, आन आलात की गाणं बंद, इंजिनबी बंद."

"गाणं बंद करू?" रामहरीनं गॉगल वर केला. "अवो ताई, मधीच गाणं बंद झालं तर वस्तीवरची माणसं पळत येत्याली. त्यास्नी वाटंल रामहरी पलटी झाला!"

मेघनाला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. "येऊ द्या! मला तेच पायजे."

"माणसं जमवायची तर सरळ जेवाण घाला की," म्हणत त्यानं गिअर टाकला.

आणि खरोखरच, इंजिन बंद झाल्यावर थोड्याच वेळात वस्तीवरून एक बाई काखेत पोर घेऊन धावत आली. रामहरी दिसल्यावर तिनं त्याला अशा शिव्या दिल्या, की माईकचं बटण मेघनाला घाईनं बंद करावं लागलं.

शुक्रवारी सकाळी राजवर्धन आला. श्रीपतीही कानाचं मशीन दाखवायला बारामतीत आला होता, तो कोपऱ्यात बसला. मेघनानं महिपतीला चहा पाठवून हातोडा थांबवला आणि प्रसंग लावला.

पडद्यावर पोरगं उसात दबून बसलेलं. ढोल नाही, तुतारी नाही. पाचट करकरतंय. लांब कुठंतरी हळदीचं गाणं. आनंदाचं, नाचायचं. ते जरा जवळ आलं. पोरानं मान वर केली. अजून जवळ. आता गाण्याखालून तिघांचं हसणं ऐकू यायला लागलं. गाणं वाढत वाढत एवढं झालं, की पोराचा श्वासही त्यात बुडाला.

आणि थांबलं.

इंजिनही थांबलं. तापलेल्या लोखंडाची बारीक टिकटिक. उसात कुठंतरी एक पाऊल, पण कोणत्या बाजूला ते कळत नाही. राजवर्धननं चहात बुडवलेलं बिस्कीट तसंच धरलं होतं, ते तुटून कपात पडलं. त्याला पत्ता नाही. मग कांडं मोडल्यासारखा एकच आवाज आणि तो खुर्चीत दचकून मागं सरकला.

झटापट संपेपर्यंत संगीताचा एक सूर नव्हता.

"परत लावा," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही तो त्याच ठिकाणी दचकला, आणि स्वतःवरच हसला. "गाणं वाजत व्हतं तवर मला वाटलं, चला, निघून जात्याली. हे कुठनं सुचलं, ताई?"

मेघनानं कोपऱ्याकडं बोट केलं. मग हलगीचं, भाकरीचं, दारात येऊन थांबणाऱ्या आजीचं थोडक्यात सांगितलं. राजवर्धननं ऐकून घेतलं. कपाच्या तळातलं बिस्कीट चमच्यानं उगाच ढवळलं.

"त्या दिवशी मी सहज बोलून गेलो," तो म्हणाला. "तसं बोलाय नको व्हतं."

"नकोच व्हतं," मेघना म्हणाली. "आता चहा बदलून देते. त्याचा पार लगदा झालाय."

जाताना त्यानं जिन्यातूनच पुण्याला फोन लावला. "न्हाय, न्हाय, पाठवत न्हाय. हितंच करतोय सगळं," एवढं वर ऐकू आलं. मेघना रिकामा कप हातात घेऊन उभीच राहिली. खाली महिपतीचा हातोडा पुन्हा सुरू झाला.

श्रीपती मात्र अजून पडद्याकडं बघत होता. मशीन कानात नीट दाबून त्यानं विचारलं, "मेघे, त्या पोराला धरलं का गं त्यांनी?"

"ते पुढल्या भागात हाय, आबा."

"आन त्याचा आवाज कोण करणार?"

"मीच की."

"मग येवढं बघ," म्हातारा काठी घेत म्हणाला, "पोरगं घरला पोचतंय असं कर. आन पोचल्यावर भाकरी थापायचा आवाज घाल."