धोका क्रमांक दोन

जगन्नाथ गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. हे त्याच्या कानावर गेलं असतं तर म्हणाला असता, "मग दुसरं काय करणार होतास?" वसईजवळच्या भुईगावात आमच्या अंगणात मांडवांवर सोललेली राजेळी केळी वाळत होती, दादरहून आलेला व्यापारी सुकेळ्यांचा भाव पाडून मागत होता, आणि मी "माल राहू द्या, आधी तुम्ही उठा" इथवर आलो होतो. तेवढ्यात जगन्नाथचा मेहुणा सायकल धरून फाटकाशी उभा राहिला. आत येईना. मी समजलो... व्यापारी मुकाट्यानं उठला आणि जाता जाता मी मागितलेल्या भावाला हो म्हणून गेला. तसला भाव मला नको होता.

त्याला आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, त्याच्याविषयी चार चांगल्या गोष्टी लिहा. लिहितो. पण आधीच सांगतो, माझं त्याच्यावर एक गाऱ्हाणं आहे, आणि तो गेला म्हणून मी ते सोडून दिलेलं नाही.

आम्ही एकाच आळीतले. त्याच्या घरची वाडी होती. माझे वडील दुसऱ्यांच्या पानवेलींना पाणी घालायचे. मी डोक्यावर केळ्यांच्या पाट्या वाहिल्या, मग भाड्याची गाडी केली, मग स्वतःच्या दोन बैलगाड्या घेतल्या. कोणी हात दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. जगन्नाथ मॅट्रिक होऊन मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत लागला. तिथले साहेब काही नवीन करायचं झालं की आधी त्याची योजना कागदावर मांडत, आणि त्या योजनांच्या स्वच्छ प्रती काढायचं काम त्याच्याकडे असे. स्वातंत्र्य येऊन थोडेच दिवस झाले होते. सगळीकडे काहीतरी नवीन करायची हवा होती. माझ्या डोक्यात आलं, आपली केळी कच्ची मुंबईला जातात आणि दलाल आपल्याला नागवतात. सुकेळी तर घरोघर होतात. चार वाड्या एकत्र आणून त्यांचीच कंपनी का काढू नये? ओटीवर बसून मी हे जगन्नाथला सांगितलं. त्यानं पितळी पानाचा डबा उघडला, विडा लावला आणि म्हणाला, "लिहून काढू."

"लिहायचं काय त्यात? केळी आहेत, ऊन आहे, मुंबई आहे!"

"घेणार कोण?"

"अख्खी मुंबई."

"अख्खी मुंबई म्हणजे कोणीच नाही. मला एक माणूस दाखव, पिशवी घेऊन दुकानात उभा असलेला."

त्या एका माणसासाठी आमचे कितीतरी रविवार गेले. शेवटी दोन सापडले. एक उपास करणारी बाई, आणि दुसरा सुट्टीत गावी निघालेला चाकरमानी, ज्याला टिकणारा खाऊ न्यायचा असतो. तेव्हा कुठे जगन्नाथनं पुढची ओळ लिहिली. मग त्यानं सोलायची, उलटायची, वाळक्या पानात बांधायची मजुरी मांडली. मी ओरडलो, "घरच्या बायकांना कसली मजुरी?" तो म्हणाला, "त्या आजारी पडल्या तर बाहेरची बाई फुकट येईल?" आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "भाऊजी, तेवढं जरा ठळक लिहा हो!" आणि मी काहीही बोललो की याचं एकच... "आभाळ आलं तर?" सुकेळ्यांना कडक ऊन लागतं; ढग राहिले की माल आंबतो. ते मला कळत नव्हतं थोडंच? मी त्याला अपशकुनी म्हणायचो. तो हसून विडा पुढे करायचा.

योजना पुरी झाल्यावर वाडीवाल्यांना आमच्या अंगणात बोलावलं. त्यांनी आपले घड दलालाला न देता आम्हाला द्यावेत आणि हंगाम संपल्यावर पैसे घ्यावेत, एवढंच मागणं होतं. ते नाही म्हणाले असते तर कंपनी तिथेच संपली असती. मांडव आणि टोपल्यांसाठी मी माझ्या दोन्ही बैलगाड्या विकून बसलो होतो. पुन्हा पाटी डोक्यावर आली असती. जगन्नाथ उभा राहून वाचू लागला. गिऱ्हाईक, मजुरी, वाहतूक... लोक माना डोलवत होते. माझी छाती फुगली होती.

"आता धोके," तो म्हणाला. "धोका क्रमांक एक, आभाळ. उपाय, माल आत घ्यायला कोरडी खोली. धोका क्रमांक दोन, आमचे मुख्य भागीदार तापट आहेत. सौदा चालू असताना उठून जातात."

शेजारच्या वाडीचा पास्कूकाका असा हसला की त्याची टोपी खाली पडली. मागून एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई, कोनीतरी लिवलं!" सगळं अंगण हसलं. ज्यांच्या वेलींना माझ्या बापानं पाणी घातलं, ती माणसं मला हसत होती. मी उठून चालता झालो.

विहिरीपाशी उभं राहून मी पुढचं ऐकलं. "उपाय, सौद्याच्या वेळी दुसरे भागीदार शेजारी बसतील."

"दुसरा म्हणजे तू?" पास्कूकाकानं विचारलं.

"मीच."

"आणि नोकरी रे?"

"शनिवारी अर्धा दिवस असतो."

सगळ्यांनी घड द्यायचं कबूल केलं. पास्कूकाका मला नंतर म्हणाला, "तुझ्या सुकेळ्यांवर नाय, त्या दोन नंबरच्या ओळीवर भरवसा ठेवला आम्ही." असेल. पण जगन्नाथनं मला ते आधी घरात सांगायला हवं होतं. मी त्याला तसं बोललोही. म्हणाला, "घरात सांगितलं असतं तर तू खोडलं असतंस." खोडलंच असतं! तो हक्क माझा होता. त्यानं कधी माफी मागितली नाही.

त्या धोक्यावरचं औषध मात्र त्यानं कधी चुकवलं नाही. शनिवारी कचेरी सुटली की घरी न जाता तो दादरच्या बाजारात येई आणि माझ्या डाव्या हाताला बसे. माझा आवाज चढू लागला की स्वतः एक शब्द बोलत नसे. डबा उघडे, विडा लावी, माझ्या हातात ठेवी. आम्हा वसईकरांत पुढे आलेला विडा कोणी नाकारत नाही, आणि तोंडात विडा असला की ओरडता येत नाही. मी चघळतोय तोवर हा व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करून मोकळा! माझं तोंड रिकामं होईपर्यंत समोरचा भावाच्या दोन पायऱ्या चढलेला असे. एकदा एकानं विचारलं, "हे तुमचे कारकून का?" मी गरजलो, "भागीदार!" त्या वेळी मात्र जगन्नाथनं विडा दिला नाही.

दर हंगामाआधी योजना नव्यानं लिहायची आमची रीत. दरवर्षी मी म्हणायचो, "तो दोन नंबर काढ." दरवर्षी तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." या हंगामाआधी तो खाटेवर होता, बोलताना धाप लागत होती. मी नवी योजना वाचून दाखवली. डोळे मिटून ऐकत होता.

"दोन नंबर आहे ना?"

"आहे."

"काढ आता."

माझं डोकंच फिरलं. "का? मी निवळलो वाटतं?"

"नाही रे. औषध संपत आलं... नुसता रोग लिहून ठेवला तर लोक घाबरतील."

मी उठून बाहेर आलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आजारी माणसाशीही भांडलात?" आतून त्याचं हसणं ऐकू आलं, मग खोकला. तीच आमची शेवटची भेट.

तेराव्याचे दिवस झाल्यावर वहिनींनी तो पितळी डबा माझ्या हातात दिला. परवाच्या शनिवारी तो घेऊन मी दादरच्या त्याच व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं माझ्या डाव्या बाजूची गादी मोकळी ठेवली होती. भाव निघाला, माझा आवाज चढला आणि हात आपोआप डावीकडे गेला... तिथे कोणी नव्हतं. मग मीच डबा उघडला. इतकी वर्षं आयते विडे खाल्ले, स्वतः कधी लावला नव्हता. पान घेतलं, चुना फासला, कात, सुपारी, आणि तोंडात टाकला. जीभ अशी भाजली की डोळ्यांतून पाणी आलं. व्यापाऱ्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि आपल्या भावाचा आकडा थोडा वर नेला. मी होकाराची मान हलवली.

योजनेतला दोन नंबर मी खोडलेला नाही. चारचौघांत जगन्नाथनं माझं हसं केलं, ते मी विसरणार नाही. पण विड्याला चुना किती लावायचा, हे मात्र एवढं सगळं लिहून काढणाऱ्या माणसानं कुठेच लिहून ठेवलं नाही.