एव्हिडन्स आणि ओला कापूस

"एव्हिडन्स कुठे आहे?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. मीही तिसऱ्यांदा मराठीत सांगितलं, "साक्ष आणा." फिर्यादी व्यापाऱ्याने चौथा माणूस पुढे ढकलला.

अकोल्याच्या कचेरीत मी दुभाषी होतो. साहेबांचं इंग्रजी लोकांना मराठीत सांगायचं आणि लोकांचं मराठी साहेबांना इंग्रजीत, एवढंच काम. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती, म्हणून इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. भावामागे लबाडीही आली. सुकदेव गाडीवानाने वजन वाढवायला कापसावर पाणी मारलं, असा आरोप होता. शाबीत झालं की तुरुंग.

"पानी नाही मारलं जी," सुकदेव म्हणत होता, "दव पडलं."

माझ्या शेजारी जोशी उभा होता. पुण्याहून चार महिन्यांपूर्वी आलेला दुसरा दुभाषी. हेड दुभाष्याची जागा रिकामी होणार होती आणि मी तिच्यावर आठ वर्षं डोळा ठेवून बसलो होतो.

जोशी पुढे झाला. "साहेब, एव्हिडन्स हा शब्द लॅटिनमधला. त्यात 'व्हिडेरे' आहे, म्हणजे पाहणं. जे उघड दिसतं, ते एव्हिडन्स. आपली 'विद्या' याच शब्दाची बहीण. आपण नुसतं 'साक्ष' म्हणतो, म्हणून लोक माणसं आणतात आणि वस्तू बाहेरच राहते. 'पुरावा' म्हणावं."

साहेब खूश झाले. जोशी बरोबर होता, हेच मला जास्त झोंबलं.

गाडी त्याच सकाळी पकडलेली, अंगणात उभी होती. साहेबांनी तिच्यातला कापसाचा एक बोरा आत आणवला. जोशीने वरून हात लावला. ओला.

"उघड दिसतंय, साहेब."

माझ्या मामाची कापसाची शेती. पाणी मारणारा बोरा भरता भरता थराथरात पाणी शिंपडतो, म्हणून कापूस आतून ओला लागतो. दवाने फक्त वरचा थर भिजतो. वऱ्हाडात कापूस घेणारा आधी कोपरापर्यंत हात आत घालतो. व्यापाऱ्यालाही हे ठाऊक होतं. तो गप्प होता. मीही गप्प राहिलो. शिक्षा लिहून होऊ दे, म्हटलं, मग सांगू. या पुणेकराचं नाक चांगलं कापलं जाऊ दे.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. सुकदेव मटकन खाली बसला. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "साहेब, आत हात घालून बघावा."

जोशीनेच घातला. आत कापूस खडखडीत कोरडा.

"चूक माझी," तो लगेच म्हणाला. "मी वरवर पाहिलं. यांच्यामुळे हा माणूस वाचला."

साहेबांना हा खरेपणा इतका भावला, की पुढच्या महिन्यात हेडची जागा जोशीला मिळाली.

सुकदेव त्या दिवशीच सुटला. जाताना माझ्यापाशी आला. मला वाटलं, पाया पडतो की काय.

"मुनशीजी, तुमाले तं पयलेच मालूम होतं न? मंग इतका वेळ चूप काहून बसले?"

"साहेब लिहीत असताना मध्ये बोलता येत नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बैल जुंपायला निघून गेला.

दुसऱ्याची चूक पुरती होईपर्यंत थांबू नये. तेवढ्या वेळात आपलीही होऊन जाते.