नक्षीमास्तरांचं अर्धं बेट

नक्षीमास्तर कुठलीही गोष्ट अर्धीच काढायचे. चाळीस वर्षं त्यांनी सोलापुरी चादरींच्या नक्ष्या चौकटीच्या कागदावर काढल्या. मोर असो की कमळ, कागदावर अर्धंच. उरलेलं अर्धं मागावर आपोआप उलटून येतं. "अर्धं नीट काढायचं, अर्धं देव काढतो," म्हणायचे. दारातली रांगोळीसुद्धा अर्धी काढून डबा सुनेच्या हातात द्यायचे.

वैरागहून सोलापूरला नोकरीला आलो तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी आता आशा नाही म्हणून सांगितलं होतं. सात रस्त्यावरच्या ऑफिसातून आलो की मी कॉम्प्युटरवर एक गेम लावायचो. ओसाड बेट, आपण एकटे, विझलेला दीपस्तंभ पेटवायचा. ना नकाशा, ना वाट दाखवणारा बाण. उद्या नळाला पाणी येणार, एवढंच सांगायला मास्तर वर आले आणि पडद्यापुढून हललेच नाहीत. "समुद्र असा असतो व्हय?" जन्मात समुद्र पाहिला नव्हता माणसानं.

दुसऱ्या दिवशी ते चौकटीचा कागद घेऊन आले. मी चालायचं, त्यांनी नकाशा काढायचा. गेम मोठा छळवादी. कड्यावरून पाय घसरला की थेट किनाऱ्यावर, पुन्हा पहिल्यापासून चढण. मी शिव्या घालायचो, मास्तर खूश. "बरं झालं पडलास. परत बघाय मिळतंय की." दिव्याला तेल लागायचं आणि ते काही केल्या सापडेना. "डोळं जायच्या आत तेवढा दिवा बघायचाय," ते एकदा म्हणाले. मी पुन्हा कडा चढायला लागलो.

बेटाची पूर्व बाजू आम्ही पिंजून काढली. मी पश्चिमेला वळलो की मास्तर भडकायचे. "तितं काय न्हाय. हेच उलटं असणार. चाळीस वर्षं भजी तळली काय मी?" बेट म्हणजे चादर नव्हे, हे मला कळत होतं. पण म्हाताऱ्याशी वाद नको म्हणून मुकाट्यानं मागं फिरायचो. त्याचा राग मला अजून येतो, त्यांचा नव्हे, स्वतःचा.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "आज धुकं लई पडलंय की रं बेटावर." पडद्यावर लख्ख ऊन होतं. मी नुसतं "हो" म्हणालो. त्यानंतर त्यांना जिना चढवेना.

पंधरा दिवसांनी मी एकटाच पश्चिमेला गेलो. तळ्याकाठी तेलाची कोठी सापडली. दिवा पेटला, सगळा समुद्र उजळला. मी धावत खाली गेलो. मास्तर खाटेवर बसले होते.

"मास्तर, दिवा लागला! तेल पश्चिमेलाच होतं बघा!" माझं खरं झालं, या तोऱ्यात मी बोलून गेलो.

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "तितं वेगळं हाय व्हय?"

"हो. गर्द झाडी, मोठं तळं. काहीच सारखं नाही."

"म्हंजे डोळं होतं तवा अर्धंच बघितलं की मी."

पूर्वेलाच सापडलं म्हणालो असतो, तर माझं काय जाणार होतं?

दिवाळीच्या तोंडावर मास्तर गेले. तेरावं झाल्यावर सुनेनं तो कागद माझ्या हातात ठेवला. "शेवटी शेवटी पेन्सिल मागून घेत होते," ती म्हणाली.

मी कागद उलगडला. उजवी बाजू चौकट न् चौकट भरलेली, सुबक. डावीकडे एक तळं होतं आणि झाडी. रेघा चौकटी सोडून भलतीकडे गेल्या होत्या, एकीवर एक चढल्या होत्या. दुसरी अर्धी बाजू मास्तरांनी जन्मात एकदाच स्वतःच्या हातानं काढली, ती अशी.